तात्यांच्या मांडीवरचं बाळ

मागच्या सोप्यात रचून ठेवलेली स्टीलची ताटं कोसळली तेव्हा आम्ही सगळ्याजणी दचकलो. भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातातला चहा त्यांच्या पदरावर सांडला. सासूबाईंनी, माईंनी, छातीवर हात ठेवला. ताटं पडली तिथून हातभर अंतरावर, ताटांकडे पाठ करून माझा वर्षाच्या आतला मुलगा सारंग बसला होता. तो लाकडी डावाचं टोक चघळत होता, आणि चघळतच राहिला. एक ताट गरगरत येऊन त्याच्या मांडीला टेकलं, तेव्हा कुठे त्याने मान वळवली. ताटाकडे बघून त्याला हसू आलं.

"बघा," शालनवन्सं त्या बाईंना म्हणाल्या, "तात्यांचा नातू आहे. भांड्यांच्या आवाजाला थोडाच भीक घालणार."

तात्या गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच सगळ्या हसल्या. मी ताटं गोळा करायला वाकले. गोळा करता करता एक ताट मुद्दाम दुसऱ्यावर आपटलं, सारंगच्या अगदी कानामागे. डाव चघळणं थांबलं नाही.

"हळू गं," माई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण सुतकाच्या घरात कोण कुणाकडे धड बघतं.

तात्या म्हणजे माझे सासरे, तात्या गुरव. मिरजेत आमचं घर रिक्षावाल्याला पत्ता न सांगता मिळायचं. तात्यांचे वडील देवळात सनई वाजवायचे. तात्यांनी पेटी धरली आणि अंगाया केल्या, पोरांची गाणी केली. 'घंटा निजली' ही त्यांची सगळ्यात गाजलेली अंगाई. देवळातली घंटा निजली, विहिरीवरचा रहाट निजला, बैलांच्या गळ्यातली घुंगरं निजली, असा एकेक आवाज त्या गाण्यात झोपी जातो आणि शेवटी बाळ झोपतं. बार्शीला माझ्या आजीने ती माझ्या आईला म्हटली होती, आईने मला. त्यामुळे गुरवांचं स्थळ आलं तेव्हा आईने मुलाला काही विचारलंच नाही. "तात्यांच्या घरात जाणार तू," एवढंच म्हणून ती रडली होती.

त्या घरात एक रीत होती. माणूस गेलं की वाद्यं झाकायची, तारा उतरवायच्या. तेरावं होऊन तारा पुन्हा चढेपर्यंत कुणी गुणगुणायचंसुद्धा नाही. दोन्ही तानपुरे पांढऱ्या चादरीखाली आडवे होते, आजारी माणसांसारखे. पेटीचा भाता बांधून ठेवला होता. पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्या घरात कुणी ना कुणी गळा साफ करत असायचं, तिथे आता घड्याळ ऐकू यायचं.

येणारे जाणारे हळहळायचे ते सारंगसाठी. आजोबांच्या आवाजाशिवाय झोपायची सवय नाही पोराला, कसा झोपत असेल. झोपत होता. तेच मला छळत होतं. पूर्वी तात्या गायचे आणि तो झोपायचा. आता कुणी गात नव्हतं, नुसतं पाठीवर थोपटलं की झोपायचा. तितकाच लवकर.

मला हे आधीच दिसलं होतं, असं म्हणायला आता फार वाटतं. अर्धवट दिसलं होतं. तो पाच महिन्यांचा असताना मी तात्यांना म्हटलं होतं, "तात्या, हा हाकेला बघत नाही. तोंड समोर असलं तरच हसतो." तात्या पेटीपाशी बसले होते, सारंग त्यांच्या मांडीवर. ते हसले. म्हणाले, "अगं, पोरगं सुराचं पक्कं आहे. बेसूर हाकेला कशाला बघेल?"

वन्सं खो खो हसल्या होत्या. मलाही हसावं लागलं. माझा आवाज हा त्या घरातला विनोदच होता. मी बी.एस्सी. झाले होते, बी.एड. करत होते, गळा मात्र माझ्याकडे नव्हता. एकदा सारंगला मांडीवर घेऊन मी आईसारखी 'घंटा निजली' म्हणत होते, तर वन्सं बाहेरून म्हणाल्या, "कुठली घंटा गं ही, शाळा सुटल्याची?" आणि तात्या मायेने म्हणाले, "राहू दे वैजू. बाळाचे कान बिघडतील." त्या दिवसापासून मी माझ्या मुलाला गाणं म्हटलं नाही. हाकसुद्धा दबक्या आवाजात मारायला लागले.

आणि पोरगं सुराचं पक्कं आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कितीही रडत असला तरी तानपुऱ्याच्या भोपळ्याला टेकवून बसवला आणि कुणी तार छेडली की गप्प. डोळे विस्फारून, तोंड उघडं टाकून बसायचा. पेटीवर तळवे टेकायचा आणि लाळ गाळत हसायचा. घरात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग करून दाखवला जायचा. वर्तमानपत्रवाले आले, त्यांनी तात्यांचा आणि त्याचा फोटो छापला. पुढे तात्यांच्या कार्यक्रमांसाठी त्याच फोटोचं पोस्टर झालं: तात्या डोळे मिटून गाताहेत आणि मांडीवर बाळ डोळे मिटून ऐकतंय. ज्यांनी जन्मभर कान लावून सूर पकडले, त्या माणसांना एवढंच कळत होतं की बाळाला सूर आवडतो. तो भोपळा बाळाच्या पोटाला टेकलेला असतो, हे कुणाच्या कानाला कसं कळावं.

ताटं पडली त्या रात्री मी नवऱ्याला, उदयला, सांगितलं. स्टँडजवळ कानाचे एक डॉक्टर होते. माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीने नाव दिलं होतं. रविवारी दुपारपर्यंत दवाखाना उघडा असायचा. जाऊन येऊ, म्हटलं.

उदयने आधी नीट ऐकून घेतलं. मग उठला, सारंगच्या पुढ्यात बसला आणि दोन्ही हात पसरून त्याने "सारंग" अशी हाक मारली. सारंग हसला, त्याच्याकडे झेपावला.

"बघ."

"मागून मार हाक."

"वैजू, तात्यांना जाऊन आठवडा झाला नाही."

"म्हणून तर. घरात गाणं बंद आहे म्हणून तर कळतंय मला."

त्याने सारंगला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "त्यांच्या मांडीवर हा रोज बसायचा. त्या कानाला कळलं नाही आणि तुला कळलं?" त्याचा आवाज चढला नव्हता. उदय चिडला की त्याचा आवाज खाली जातो. तेराव्यानंतरच्या रविवारी शाळेच्या मैदानावर शोकसभा होती, पोस्टरं लागली होती, पोस्टरवर सारंग होता. सभा होऊ दे, मग बघू, हे त्याचं शेवटचं वाक्य. त्यानंतर मी विषय काढला की तो अंघोळीला जायचा.

मी मात्र दिवसभर तेच करत राहिले. पाठीमागून टाळी, कुकरची शिट्टी, दाराची कडी. ट्रकचा हॉर्न वाजला की मी आधी सारंगच्या पापण्या बघायची. दार आपटलं की तो बघायचा, तेव्हा मला देव आठवायचा. मग लक्षात यायचं, दार आपटलं की जमीनही हलते. चटईवर बसवून पुन्हा आपटलं, बघितलं नाही. गादीवर बसवलं. नाही. वन्संनी एकदा मला धरलं. "हे काय चालवलंयस सारखं? सुतकात आवाज करू नये एवढंही शिकवलं नाही का बार्शीला?"

"मी बघतेय त्याला ऐकू येतं का."

 त्या जवळ आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला. "बाळंतपणानंतर काही बायकांचं होतं असं. मन थाऱ्यावर राहत नाही. तुझ्या आईला बोलावून घेऊ का?"

हे त्यांनी त्याच दिवशी तीनचार जणींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत भेटायला येणाऱ्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या आणि सारंगला माझ्या कडेवरून पटकन घ्यायला लागल्या.

तेरावं झालं, रविवार आला. सकाळी तानपुऱ्यांवरच्या चादरी निघाल्या, तारा चढल्या. मैदानावर मांडव भरून लोक बाहेर रस्त्यावर उभे होते. आज्या होत्या, त्यांच्या लेकी होत्या, लेकींच्या कडेवर पोरं होती. एकजण कागलहून आईला, बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन आला होता. तिघी एकाच गाण्यावर झोपल्यात, असं तो माईंना सांगत होता आणि डोळे पुसत होता. माईंनी त्याच्या हातावर थोपटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्या मांडवातलं कुणीच खोटं रडत नव्हतं.

स्टेजवर तात्यांचा फोटो, फोटोला हार. बाजूला भजनी मंडळ बसलं होतं, त्यांचे टाळ-झांजा पुढ्यात पंच्यावर मांडलेल्या. मला त्यांच्या कडेला बसवलं होतं. माई मागे खुर्चीवर. रीतीप्रमाणे सुतकानंतरचा पहिला सूर घरातल्या सगळ्यात लहानाच्या हाताने निघायचा होता. वन्संनी सारंगला मांडीवर घेतलं, तानपुरा त्याच्या अंगाला टेकवला, त्याचं बोट धरून तार छेडली.

सारंगचं तोंड उघडलं, डोळे मोठे झाले. तो हसला.

मांडवातून उसासा आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. वन्सं माइकवर म्हणाल्या, "रक्तातच आहे." आणि त्यांनी तानपुरा नीट खांद्याला लावून 'घंटा निजली' सुरू केलं.

दुसऱ्या ओळीला सगळा मांडव गायला लागला होता. हळू, पोरं उठू नयेत अशा आवाजात.  मलाही आई आठवली, आजीचा हात आठवला. तेवढ्यात सारंग रडायला लागला. तानपुरा त्याच्यापासून लांब गेला होता. तो भोपळ्याकडे हात पसरून रडत होता, माइकमधून रडणं मांडवभर ऐकू जात होतं, आणि त्याच्या आजोबांची अंगाई शेकडो माणसं त्याच्यासाठी म्हणत होती.

वन्संनी गाणं थांबवलं.  "आजोबा आठवले," त्या माइकवर म्हणाल्या. आता मांडव उघडपणे रडायला लागला. कागलचा माणूस डोकं धरून बसला होता.

मी पुढ्यातल्या झांजा उचलल्या. ठरवून उचलल्या की नाही ते आजही सांगता येणार नाही. उठले, वन्संच्या मागे गेले. सारंगचं लक्ष एव्हाना फोटोच्या हारावर गेलं होतं, तो रडणं विसरून झेंडूचं एक फूल ओढत होता. मी त्याच्या डोक्यामागे वाकून झांजा एकमेकींवर आदळल्या. जेवढा जोर होता तेवढ्या जोराने.

माइकने तो आवाज घेतला आणि रस्त्यापर्यंत फेकला. वन्सं किंचाळून बाजूला कलंडल्या. पेटीवाल्याचा हात घसरला. मग मांडवातलं एक पोर रडलं, दुसरं रडलं, आणि बघता बघता मैदानातली सगळी तान्ही पोरं एका वेळी किंचाळायला लागली. आया त्यांना छातीशी धरत होत्या.

सारंगने फूल तोडलं आणि तोंडात घातलं.

मी लोकांकडे बघत होते. कुणीतरी बघावं, एकाने तरी. सगळे माझ्याकडे बघत होते.

वन्संनी माइकवर हात धरला. "वेड लागलं का तुला?" मग हात काढून, अगदी मऊ आवाजात त्या लोकांना म्हणाल्या, "माफ करा. दुःखाने भान राहत नाही. सून होती तरी लेकच होती त्यांची." लोकांनी माना हलवल्या. मागून कुणी म्हणालं, बिचारी. उदय स्टेजच्या पायऱ्यांशी उभा होता, तो बुटांकडे बघत होता. पेटीने पुन्हा सूर धरला.

माईंनी माझा पदर ओढला. सारंगला उचलून मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. गाणं सुरू झालं होतं, त्या वाकून माझ्या कानाशी बोलत होत्या. लांबून वाटलं असेल, सासू सुनेला धीर देतेय.

"आजचा दिवस तरी थांबायचं होतंस."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या महिन्यापासून. तू पेपर द्यायला गेली होतीस. त्यांनी पाळण्याशेजारी बसून मामंजींची सनई फुंकली. शेजारचे बाहेर आले, एवढी मोठ्याने. मी धावत गेले तर हा झोपलेला."

"मग?"

"मग काय. सनई पुसली आणि ठेवून दिली."

"मला का नाही सांगितलं? माई, डॉक्टर आहेत, मशीन मिळतं, लवकर नेलं तर..."

"मी म्हटलं होतं त्यांना." माईंचा आवाज कोरडा होता, त्या समोर लोकांकडे बघत होत्या. "ते म्हणाले, कानाला मशीन लावून पोस्टरवर बसवणार का त्याला? म्हणाले, माझ्या मांडीवर आहे तोवर त्याला ऐकू येतंय. माझ्या माघारी करा काय ते."

मला पेटीपुढे बसलेले तात्या दिसले. बेसूर हाकेला कशाला बघेल. बाळाचे कान बिघडतील. पाचव्या महिन्यात म्हणाले होते.

मांडवात गाणं शेवटाकडे आलं होतं. घुंगरं निजली, आता बाळ निजायचं. शेकडो तोंडं एकदम उघडत होती, मिटत होती. सारंग माझ्या मांडीवरून ती तोंडं बघत होता. त्याला ती गंमत वाटली असावी. तो खळखळून हसला.

"हसला बघा," पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली. "ओळखलं हो गाणं."

माईंचा हात खाली आला, सारंगच्या पाठीवर. तर्जनी आणि मधलं बोट. ताल धरून त्या थोपटायला लागल्या, अगदी गाण्याच्या ठेक्यात. तात्या मांडीवर घेऊन गायचे तेव्हा त्यांचा एक हात नेहमी बाळाच्या पाठीमागे असायचा. पोस्टरवर तो हात दिसत नाही. सारंगच्या पापण्या जड व्हायला लागल्या. शेवटची ओळ आली आणि त्याचे डोळे मिटायला लागले, अचूक. लोक माना उंचावून बघत होते.

मी माईंचा हात बाजूला केला. सारंगला खांद्यावर टाकलं आणि स्टेजच्या मागच्या बाजूने उतरले. कुणी अडवलं नाही. वेड्या बाईला लोक वाट देतात.

डॉक्टरांनी त्या दुपारी काय सांगितलं ते मी इथे सगळं लिहीत नाही. पुढे पुण्याला नेलं, मशीनं बसली. सारंग आता कॉलेजात जायच्या वयाचा आहे. तो बोलतो, पण मला आणि त्याच्या एका मित्रालाच ते पूर्ण कळतं. पहिल्या सहा महिन्यांत आणलं असतं तर, असं त्या डॉक्टरांनी सुरू केलेलं वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नव्हतं. दर वर्षी वन्सं तात्यांच्या स्मृतिसमारोहाला दिवा लावायला त्याला बोलावतात. फोटोपुरतं ते कानातलं काढ, असा निरोप असतो.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी मैदानाच्या कोपऱ्यावर मी रिक्षात बसले. लाउडस्पीकरचा आवाज तिथवर येत होता. स्टँडकडे, कानाच्या दवाखान्यात, म्हटलं. रिक्षावाला पन्नाशीचा असेल. त्याने आरशातून सारंगकडे बघितलं. मग मागे वळून बघितलं.

"ताई, तात्यांच्या मांडीवरचं बाळ न्हवं का हे? पोस्टरवरचं?"

मी मान हलवली.

"माझ्या दोन्ही पोरी त्यांच्या गाण्यावरच झोपल्या बघा. माझी आईबी तेच म्हणायची." त्याने डॅशबोर्डला हात लावून तो कपाळाला लावला. मग खालच्या खणातून कॅसेट काढली, टेपमध्ये सरकवली. "बाळाला बरं वाटंल. आजोबांचा आवाज हाय."

तात्या गायला लागले. घंटा निजली.

"बंद करा," मी म्हटलं. "त्याला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला सांगत होते. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. आधी त्याला नवल वाटलं, मग वाईट वाटलं, आणि मग त्याचं तोंड सभेतल्या लोकांसारखंच झालं.

"तात्यांच्या नातवाला? असल्या दिवशी असं वंगाळ बोलू नये ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मागं ऐकू येत नसंल नीट."

आणि त्याने आवाज वाढवला.